मुलांची सुट्टी आणि समुद्राचे घड्याळ

परीक्षा आटोपल्या, दप्तरे फळीवर चढली आणि प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही झाली, म्हणजे सुशिक्षित घरांत एक प्रश्न हमखास उभा राहतो : यंदा मुलांना कोठे न्यावयाचे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नसे. आजोळ नावाची संस्था सर्व मुलांची सुट्टी परस्पर सांभाळीत असे. आज पुष्कळांचे आजोळ त्याच शहराच्या दुसऱ्या उपनगरात, तिसऱ्या मजल्यावर असते. तेथे मायेला तोटा नसला तरी अंगणाला तोटा असतो. म्हणून मग प्रवासाचा विचार निघतो, आणि मुलांचे मत घेतले तर दहांतील आठ घरांत उत्तर एकच येते : समुद्र.

समुद्रकाठच्या गावी जाण्याचे ठरले की वडीलमंडळी आखणीस बसतात. आखणी म्हणजे स्थळांची यादी, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. चार दिवसांत बारा ठिकाणे, प्रत्येकाला दीड तास, मध्ये जेवण, अशी ती यादी कागदावर फार देखणी दिसते. प्रत्यक्षात तिसऱ्या ठिकाणी धाकटे मूल वडिलांच्या खांद्यावर झोपलेले असते, थोरले पाणी मागत असते, आणि ज्या समुद्रासाठी एवढा खटाटोप केला त्याच्या काठी सर्वजण पोहोचतात तेव्हा पाणी बांधापर्यंत चढून वाळू नाहीशी झालेली असते. दोष मुलांचा नसतो आणि समुद्राचाही नसतो. दोष घड्याळाचा असतो. समुद्रकाठच्या गावाला दोन घड्याळे असतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे पाण्याचे. मुलांना घेऊन जाणाऱ्याने दिवस दुसऱ्या घड्याळावर बसवावा आणि बाकीची स्थळे उरलेल्या वेळात घालावी. या एका नियमाने सुट्टीचा आनंदही वाढतो व मुलांचा जीवही सुरक्षित राहतो.

हा नियम प्रत्यक्ष कसा पाळावयाचा, हे पाहण्यास रत्नागिरीसारखे दुसरे सोयीचे गाव नाही. मुंबई-पुण्याच्या कुटुंबास ते फार दूर नाही. तेथे उघडा समुद्र आहे, खाडी आहे, किल्ला आहे, मासळीचे बंदर आहे, इतिहास आहे, आणि चार दिवसांत पायांखाली घालता येईल इतकाच त्याचा विस्तार आहे.

पहिला प्रश्न ऋतूचा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग या चार महिन्यांतलाच. तेव्हाचा समुद्र दुरून पाहण्याचा, जवळ जाण्याचा नव्हे. कोळीबांधव पिढ्यान्पिढ्या ज्या समुद्रात वाढले, त्यांच्याही होड्या त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि समुद्र निवळू लागतो. नाताळात हवा सर्वांत सुखाची. मे महिन्यात उकाडा अंगास चिकटतो, परंतु हापूस आंब्याचे दिवस तेच, आणि शाळांची मोठी सुट्टीही तेव्हाच. मे महिन्यात जाणाऱ्यांनी पहिला पंधरवडाच धरावा. महिनाअखेरीस वारे फिरतात, लाटा उंचावतात आणि पावसाची चाहूल पाण्याला माणसांच्या आधी लागते.

महिना ठरल्यावर तारीख ठरवावयाची. येथे बहुतेक घरांत केवळ कचेरीच्या रजेचा विचार होतो. त्याबरोबर भिंतीवरचे पंचांगही पाहिले पाहिजे. मुहूर्तासाठी नव्हे, भरती-ओहोटीसाठी. चंद्राच्या व सूर्याच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात. चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र यांचे बळ एकत्र होऊन पाणी फार चढते व फार उतरते, त्यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती दोन बळे एकमेकांशी काटकोनात येतात आणि चढ-उतार बेताचा राहतो. तिला भांगाची भरती म्हणतात.

किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणने गुणावे, येईल तो आकडा पूर्ण भरतीचे तास दाखवितो. अष्टमीस आठाचे पाऊणपट सहा; म्हणजे सकाळी सहा व सायंकाळी साडेसहाच्या आसपास भरती, आणि ओहोटी भर दुपारी. पौर्णिमेस पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारच्या आधी, आणि पूर्ण ओहोटी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास. हा हिशोब ढोबळ आहे. त्यात अर्धापाऊण तासाचा फरक पडतो, आणि खाडीत आत जावे तसे पाणी आणखी उशिरा चढते. नेमकी वेळ छापील किंवा दूरध्वनीयंत्रावर मिळणाऱ्या भरतीच्या कोष्टकात पाहावी, व गावी पोहोचल्यावर एखाद्या कोळ्यास विचारावी. परंतु घरबसल्या तारीख निवडण्यास पाऊणपटीचा हिशोब पुरेसा आहे.

त्याचा उपयोग असा. मुलांना वाळू हवी असते सायंकाळी, ऊन उतरल्यावर. अष्टमी-नवमीस गेलेल्या कुटुंबाला सायंकाळी चढते पाणी व अरुंद किनारा मिळतो, आणि रुंद वाळू मिळते ती बारा वाजता, जेव्हा ती पायाला पोळते. उलट त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत किंवा अमावास्येपर्यंतचे दिवस धरले, तर ओहोटी दुपारी चार ते साडेपाच या वेळात येते. साडेचार-पाचला मुले किनाऱ्यावर आली की समोर ओली, घट्ट, विस्तीर्ण वाळू पसरलेली असते. शुक्ल पक्ष असेल तर सूर्य पाण्यात बुडण्याच्या सुमारास पाठीमागे डोंगरावर चंद्र वर येतो. एकाच सायंकाळी मुलांना चंद्र, सूर्य आणि पाणी यांचे नाते शब्दांवाचून कळते. रजेचा अर्ज देण्यापूर्वी पंचांगाचे एक पान उलटण्याचे हे फळ आहे.

प्रवासाची बाजू थोडक्यात सांगता येईल. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकरांना आगगाडीसारखी सोय नाही. आरक्षण मात्र खुले होताच करावे. रत्नागिरी येण्याच्या थोडे आधी गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. तो साडेसहा किलोमीटर लांब आहे. आत शिरताच मुलांना सेकंद मोजावयास लावावे आणि गाडीचा वेग काढावयास सांगावे. अंकगणिताचा इतका आनंददायक धडा शाळेत मिळत नाही. स्थानक गावापासून काही किलोमीटर दूर आहे, तेव्हा उतरल्यावर आणखी एक वाहन करावे लागते, हे लक्षात ठेवावे. पुण्याहून मोटारीने जाणाऱ्यांस कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरावा लागतो. ज्या मुलांना घाट लागतो त्यांना रिकाम्या पोटी बसवू नये आणि तुडुंब पोटीही बसवू नये. कोरड्या लाह्या, आलेपाक आणि खिडकीजवळची जागा यांनी बहुधा निभावते. घाट दिवसाउजेडीच उतरावा.

मुक्काम समुद्राला अगदी लागून असावा, असा मुलांचा हट्ट असतो. लहान मुले बरोबर असताना तो पुरवू नये, हे अधिक बरे. ज्या घराच्या फाटकातून मूल एकटे पाण्यापर्यंत जाऊ शकते, त्या घरी आईवडिलांना दुपारची झोप लागत नाही. किनाऱ्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर, स्वच्छ पाणी, पंखा, मच्छरदाणी आणि साधे जेवण मिळेल अशी घरगुती सोय उत्तम.

आता दिवसाची रचना. मुलांच्या दिवसात एक मुख्य गोष्ट आणि एक किरकोळ गोष्ट, याहून अधिक काही घालू नये. सकाळी सात ते दहा हा वेळ पाहण्याचा. अकरा ते चार हा वेळ घरात जेवण, झोप, पत्ते आणि गोष्टी यांचा. आणि साडेचारनंतरचा वेळ समुद्राचा. दुपारचे ते पाच तास वाया गेले असे वाटून पुष्कळ वडील अस्वस्थ होतात. परंतु सायंकाळचा सारा उत्साह त्या विश्रांतीतून येतो. शहरात ज्या वडिलांचा आवाज मुलांनी केवळ सकाळच्या घाईत ऐकलेला असतो, ते दुपारी चटईवर पडून गोष्ट सांगताना त्यांना सापडतात. हेही एक प्रेक्षणीय स्थळच म्हणावयाचे.

समुद्राच्या वेळात मुलांनी काय करावे, हे मुलांना सांगावे लागत नाही. काय पाहावे, हे मात्र थोडे दाखवावे लागते. रत्नागिरीच्या किल्ल्याच्या एका अंगाच्या किनाऱ्याला काळा समुद्र व दुसऱ्या अंगाच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात. पाणी दोहोंकडे सारखेच. नावे वाळूवरून पडली आहेत. मांडवीच्या काळ्या वाळूत सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेली लोह व टायटॅनियम यांची जड खनिजे मिसळलेली आहेत. घरून एक लोहचुंबक न्यावे, ते कागदात गुंडाळावे आणि कोरड्या काळ्या वाळूतून फिरवावे. कागदावर काळ्या कणांची दाढी उगवते. कागद अलग केला की कण गळून पडतात. शिंपल्यांच्या चुऱ्याने फिकट झालेल्या वाळूत हाच प्रयोग केला तर दाढी विरळ येते. असे का, हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात, आणि ज्या ज्ञानाची मागणी आधी होते ते विसरले जात नाही.

ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची सुंदर नक्षी दिसते. ती इवल्या खेकड्यांची करामत असते. वाळूतील अन्नकण खाऊन उरलेली वाळू ते गोळी करून टाकतात, आणि पुढची भरती सारी नक्षी पुसून टाकते. खडकांतील डबक्यांत शंखाचे घर पाठीवर घेऊन चालणारा खेकडा भेटतो. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून तेथे पायांत घट्ट वहाणा हव्यातच. जिवंत प्राणी पाहावा आणि होता तेथेच ठेवावा. रिकामा शिंपला खिशात घालावा, भरलेला नव्हे. वाळूवर पडलेल्या पारदर्शक, थलथलीत प्राण्याला हात लावू नये. तो मेलेला दिसला तरी त्याचा दंश जिवंत असतो.

यापुढचा भाग आखणीतील सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक याद्यांत नसतो. समुद्रात बुडणारे मूल ओरडत नाही. नाकातोंडात पाणी जात असता हाक मारण्यास श्वास उरत नाही. दहा माणसांच्या घोळक्यात, हास्यविनोद चालू असता, ते निमूटपणे पाण्याखाली जाते. सर्वांचे लक्ष आहे असे जेथे सर्वांना वाटते, तेथे बहुधा कोणाचेच लक्ष नसते. यास्तव पाळी लावावी. अर्धा तास वडील, अर्धा तास मामा, अर्धा तास आई; ज्याची पाळी असेल त्याने दूरध्वनी, वर्तमानपत्र व गप्पा बाजूला ठेवून केवळ मुलांकडे पाहावे. आणि ज्याला पोहता येत नाही असे प्रत्येक मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरात असावे. गुडघाभर पाणी ही त्याची सीमा. गुडघाभर पाण्यातही लाट पायांखालची वाळू काढून नेते व मूल आडवे होते.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जावयास वाट शोधते. कित्येकदा ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. गंमत अशी की त्या पट्ट्यात लाट फुटत नाही, फेस दिसत नाही, आणि अनोळखी माणसाला तीच जागा शांत व सुरक्षित वाटते. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्येच गुळगुळीत, गडद पाणी दिसले, तर तेथे मुळीच उतरू नये. अशा ओढीत सापडलेल्या मोठ्या माणसाने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये; किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे आणि मग वळावे. दुसरा सापडला तर मागोमाग उडी टाकण्यापूर्वी मोठ्याने हाक द्यावी, तरंगणारे काही, निदान बूच लावलेला रिकामा डबा तरी, त्याच्याकडे फेकावे, आणि जीवरक्षकांस व ११२ या क्रमांकावर कळवावे. एकामागोमाग एक अशी सबंध कुटुंबे बुडाली आहेत, ती बहुधा या मागोमाग घेतलेल्या उड्यांमुळे.

भाट्याचा किनारा लांबलचक व सुरूच्या झाडांनी शोभिवंत आहे, पण त्याच्या टोकाशी काजळी नदी खाडीतून समुद्राला मिळते. ओहोटीच्या वेळी नदीचे आणि भरतीचे मागे फिरणारे पाणी या मुखातून एकदम बाहेर पडते. उधाणाच्या दिवसांत तर त्याचा जोर विशेष असतो. म्हणून खाडीच्या तोंडाशी मुलांना पाण्यात सोडू नये. सायंकाळच्या ओहोटीसाठी निवडलेली तारीख वाळूत खेळण्यासाठी आहे, उतरत्या पाण्यामागे आत जाण्यासाठी नव्हे. गणपतीपुळे रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर आहे. देवळासमोरचा तो समुद्र दिसावयास जितका मोहक, तितकाच ओढीने फसवा. तेथे अनेक पाहुण्यांनी प्राण गमावले आहेत. तेथील सूचनाफलक वाचण्यापुरते नसून पाळण्यासाठी आहेत. आणि मोटार वाळूवर नेण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. भरती चाकांची वाट पाहात नाही.

सकाळच्या तीन-चार तासांत काय दाखवावे? रत्नदुर्ग हा तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला किल्ला. तेथे भगवतीचे मंदिर आहे, आणि तटावरून खाली मिरकरवाड्याच्या बंदरातील होड्या दिसतात. होड्या परत येण्याच्या वेळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. जे मूल मासा केवळ ताटात पाहाते, त्याने तो कोणत्या कष्टाने येतो हे एकदा पाहावे. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या मत्स्यालयास जोडून संग्रहालय असून तेथे देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्या शेजारी उभे राहिले म्हणजे मुलांना आपल्या आकाराची आणि समुद्राच्या संसाराची बरोबर कल्पना येते.

इतिहासाची दोन घरे मात्र एकाच सकाळी, एकामागून एक दाखवावी. एक टिळक आळीतील, जेथे १८५६ साली लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. दुसरा थिबा राजाचा वाडा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, पुढील वर्षी त्याला रत्नागिरीस आणून ठेवले. हा वाडा बांधून होऊन तो तेथे राहावयास गेला १९१० साली, आणि १९१६ साली येथेच वारला. त्याच सरकारने १९०८ साली टिळकांना शिक्षा देऊन पाठविले ते ब्रह्मदेशातील मंडालेस, थिबाच्या जुन्या राजधानीत. तेथून ते सुटले १९१४ साली. रत्नागिरीत जन्मलेला मंडालेस बंदिवान आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान! दहा-बारा वर्षांच्या मुलाला ही अदलाबदल सांगितली, तर साम्राज्य म्हणजे काय हे त्याला पाठ करावे लागत नाही.

राहता राहिला प्रश्न सुट्टी कोणाची, हा. पुष्कळ कुटुंबांत गाव बदलते, पण गृहिणीची चूल बदलत नाही. स्टोव्ह, पिठाचे डबे आणि भांडी यांसह ती समुद्रकाठी जाते व खिडकीतून समुद्र पाहाते. खर्चाची आखणी करताना एक जागा पाहणे कमी करावे, परंतु दोन्ही वेळचे जेवण बाहेरून किंवा मुक्कामाच्या घरून घ्यावे. रत्नागिरीत मुलांना मानवणारे साधे अन्न कोठेही मिळते : मऊ भात, तांदळाची भाकरी, घावन, सोलकढी, आणि दिवसातून दोनदा शहाळ्याचे पाणी. कोकमाचे सरबत उन्हावर उत्तम. आंबा मात्र जेवणानंतर, मोजून. सुट्टीतील निम्मी पोटदुखी प्रेमाने वाढलेल्या आंब्याची असते.

सामान थोडे असावे. सुती कपडे, टोप्या, जास्तीचे दोन टॉवेल, वहाणा, नेहमीची औषधे, क्षारसाखरेच्या पुड्या, एक लोहचुंबक, एक भिंग आणि एक कोरी वही. वहीत रोज सायंकाळी मुलांनी एकच नोंद करावी : आज पाणी किती वाजता सर्वांत खाली होते. चौथ्या दिवशी चार आकडे एकाखाली एक लिहिलेले दिसतील, आणि त्यांच्यामधील अंतर सुमारे पन्नास मिनिटांचे आहे हे मुलांचे मुलांनाच समजेल. ते समजलेले मूल पुढे कोणत्याही किनाऱ्यावर गेले, तरी पाण्याकडे धावण्यापूर्वी क्षणभर थांबेल आणि विचारील : आता भरती आहे की ओहोटी? सुट्टीतून घरी आणावयाच्या वस्तूंत आंब्याच्या पेट्यांपेक्षाही हा एक प्रश्न अधिक मोलाचा आहे.